टाइप वन मधुमेह, देणगीसाठी पूर्ण मॅरेथॉन आणि मध्येच थांबण्याचा प्रश्न

पहाटगाडी

नमस्कार. मी छत्तीस वर्षांची आहे, दादरला राहते, आणि अकराव्या वर्षापासून मला टाइप वन मधुमेह आहे, म्हणजे माझे शरीर स्वतः इन्सुलिन बनवत नाही. रात्री डेग्लुडेक हे दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन आणि जेवणाआधी अ‍ॅस्पार्ट हे झटपट काम करणारे, अशी दोन पेनं वापरते. दंडावर साखर सतत मोजणारा सेन्सर असतो, इन्सुलिनचा पंप नाही. आतापर्यंत चार अर्धमॅरेथॉन धावले आहे. येत्या जानेवारीत मुंबई मॅरेथॉनचे पूर्ण ४२.१९५ किलोमीटर प्रथमच धावणार आहे, आणि तेही ज्यांना परवडत नाही अशा घरांतल्या टाइप वन मुलांना इन्सुलिन व स्ट्रिप पुरवणाऱ्या एका संस्थेसाठी देणगी गोळा करून.

गेल्या रविवारी अठ्ठावीस किलोमीटरचा सराव होता. घरून निघताना साखर १४८ होती (सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर). शिवाजी पार्कला पोहोचून बुटाची नाडी बांधेपर्यंत, काहीही न खाता, ती २१२ झाली. घाबरून मी तीन युनिट अ‍ॅस्पार्ट घेतले आणि मरीन ड्राइव्हच्या दिशेने निघाले. हाजी अलीला ९६ आणि सेन्सरवरचा बाण खाली, म्हणजे साखर घसरत होती. धावताना खायचे साखरेचे एक जेल घेतले. पेडर रोडच्या चढावर ६१. कमरेच्या पट्ट्यातल्या ग्लुकोजच्या गोळ्या बाहेर काढल्या तर घामाने त्यांचा चिखल झालेला, आणि दुसऱ्या जेलचे पाकीट फाडायला बोटे ऐकेनात. एका इमारतीच्या वॉचमनने माझ्याकडे पाहिले, काहीही न विचारता आत गेला आणि त्याच्या चहाच्या सामानातली साखर वर्तमानपत्राच्या कागदात घालून घेऊन आला. पायरीवर बसून मी ती तशीच खाल्ली. वीस मिनिटांनी ८८ झाली, आणि मी उरलेले वीस किलोमीटर पूर्ण केले. त्याच रात्री अडीच वाजता सेन्सर ओरडला तेव्हा पुन्हा ५८.

माझ्या अडचणी अशा. पहाटे चढलेली साखर उतरवायची की तशीच ठेवायची? आदल्या रात्री डेग्लुडेक अठरावरून चौदा युनिटवर आणले होते, तरी काहीच फरक का पडला नाही? आणि रात्रीच्या घसरणीचे काय करावे?

चौथी अडचण मी डॉक्टरांना विचारू शकलेले नाही. आजवर त्रेसष्ट जणांनी मिळून एक लाख चौऱ्याऐंशी हजार रुपये दिले आहेत. ऑफिसच्या लिफ्टशेजारी माझ्या छायाचित्राखाली ‘मधुमेहावर मात’ असे लिहिलेले पोस्टर लागले आहे. रविवारी ८८ वर मी खरे तर टॅक्सी करून घरी जायला हवे होते, हे मला तेव्हाही कळत होते. पण आदल्या दिवशी ग्रुपवर ‘उद्या अठ्ठावीस’ असे लिहून बसले होते. अठ्ठावीसचा शब्द मोडवेना, तर त्रेसष्ट लोकांचे पैसे घेतल्यावर पंचविसाव्या किलोमीटरला मी थांबेन, याची मला खात्री वाटत नाही. आईला तर अजिबात नाही.


खारा वारा

ताई, मी एकावन्न वर्षांचा आहे, टाइप वनला तीस वर्षे झाली आणि पूर्ण मॅरेथॉन सहा वेळा धावलो आहे. त्यांपैकी एक अर्धवट सोडली, तिच्याकडे शेवटी येतो.

पहाटेची ती चढती साखर खोटी नसते, पण ती टिकाऊही नसते. झोपेतून उठताना शरीर स्वतःच यकृतातली साखर बाहेर सोडते, त्यात शर्यतीची धास्ती मिळते आणि अ‍ॅड्रिनलिन आणखी ढकलते. धावू लागल्यावर मात्र स्नायू ती साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ओढून घेतात. अशा वेळी तुम्ही तीन युनिट घेतलेत, म्हणजे उतारावरच्या हातगाडीला मागून ढकललेत. अ‍ॅस्पार्टचा जोर साधारण तासा-दीड तासाने सर्वांत जास्त असतो. तो तास तुम्ही पेडर रोडवर काढलात. मी शर्यतीच्या सुरुवातीला दोनशेच्या घरात असलो तर काहीही घेत नाही, पाच किलोमीटर हळू धावतो आणि मग बघतो. इन्सुलिन मांडीत टोचत असाल तर लांब धावण्याच्या दिवशी ती जागा टाळा, कारण धावत्या पायातून ते लवकर शोषले जाते.

डेग्लुडेकच्या बाबतीत तुमची चूक नाही, ते इन्सुलिनच तसे आहे. त्याचा अंमल बेचाळीस तासांहून अधिक टिकतो. आदल्या रात्री मात्रा कमी केलीत, तरी शुक्रवारची आणि गुरुवारची मात्रा अंगात काम करतच होती. बदल पुरता जाणवायला तीन-चार दिवस लागतात. त्यामुळे कमी करायचेच असेल, तर रविवारच्या शर्यतीसाठी बुधवार-गुरुवारपासून कमी करावे लागते, आणि तेही डॉक्टरांना विचारून, कारण मधले दोन दिवस साखर थोडी वर राहते. ग्लार्जिन हे त्यापेक्षा कमी टिकणारे इन्सुलिन घेणाऱ्यांना हा हिशेब एका रात्रीवर आणता येतो. म्हणूनच सरावगटातल्या दुसऱ्या कोणाचे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत.

खाण्याचे सांगायचे तर रिकाम्या पोटी पूर्ण अंतर धावू नका. शर्यत पहाटे पाचच्या सुमारास सुटते, म्हणून मी दोनला उठतो, ब्रेड-जॅम खातो आणि त्यासाठीचे इन्सुलिन निम्मे घेतो. शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे संक्रांत नुकतीच झालेली आणि डब्यात गुळाच्या पोळ्या शिल्लक असतात. एका वर्षी मोहाने त्या खाल्ल्या. तीळ आणि तूप यांमुळे साखर उशिरा चढली आणि वरळीला नेमकी नको तेव्हा हजर झाली. हाच न्याय वाटेत लोक प्रेमाने हातावर ठेवतात त्या चिक्कीला आणि तिळगुळाला लावा. घ्यावेत, गोड बोलावे, पण साखर पडलेली असताना त्यांवर विसंबू नये. तेव्हा नुसते ग्लुकोजच हवे. गोळ्या औषधाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डबीत ठेवा, झाकणावर चिकटपट्टी लावा. मुंबईच्या घामापुढे कापडी पट्टा टिकत नाही. जेलच्या पाकिटांना घरीच कात्रीने अर्धी चीर देऊन ठेवा.

सागरी सेतूचा विचार वेगळा करावा लागतो. मार्ग दर वर्षी थोडाफार बदलतो, त्यामुळे त्या वर्षीचा नकाशा समोर ठेवाच. पण सेतूवर बघे नसतात, दुकान नसते आणि तुमचा वॉचमनही नसतो. साडेपाच किलोमीटरचा तो पट्टा चढण्यापूर्वी, वरळीलाच, साखर पाहा आणि खिशातला साठा मोजा. आमच्या पिढीला टाइप वनचा खेळाडू म्हटले की वसीम अक्रम आठवतो. १९९७ मध्ये निदान झाले आणि तो २००३ पर्यंत खेळला. त्याच्यासाठी बारावा गडी पाणी घेऊन मैदानात येत असे. आपला बारावा गडी आपल्याच कमरेला बांधलेला असतो.

आणि सेन्सरवर आंधळा विश्वास नको. तो रक्तातली नव्हे, तर पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, आणि साखर वेगाने घसरत असताना पाच-दहा मिनिटे मागे राहतो. त्याने ९६ दाखवले तेव्हा तुम्ही बहुधा ऐंशीच्या आसपास आला होतात. बाण खाली असेल तर आकडा न वाचता बाण वाचावा.

सोडलेली शर्यत माझी चौथी. तीसाव्या किलोमीटरला दुसऱ्यांदा सत्तरखाली गेलो आणि माहीमला फुटपाथवर बसलो. बायकोला फोन केला, तर ती म्हणाली, ‘बरे झाले, रिक्षाने आले तरी चालेल, मी पोहे टाकते.’ त्यापुढचे सहा महिने मला वाईट वाटले. तिला एक दिवसही वाटले नाही.


रात्रपाळी

मी फिजिशियन आहे, पण तुमची डॉक्टर नाही. त्यामुळे हे पुढच्या भेटीत विचारण्याचे मुद्दे समजावेत. युनिटचे आकडे त्यांच्याशीच ठरवावेत.

खारा वारा यांचे बहुतेक म्हणणे योग्य आहे, पण ‘दोनशेच्या घरात काहीही घेऊ नये’ याला एक मर्यादा आहे. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या मधुमेहविषयक नियतकालिकात आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचे एक एकमताचे निवेदन आले होते. त्यात धावण्यासारख्या व्यायामाआधी साखर साधारण १२६ ते १८० असावी, ९० च्या खाली असेल तर आधी दहा ते वीस ग्रॅम ग्लुकोज घ्यावे, आणि २७० च्या वर असेल तर कीटोन (इन्सुलिन कमी पडले की रक्तात साठणारी आम्ले) तपासावेत, असे म्हटले आहे. रक्तातील कीटोन १.५ मिलिमोलपर्यंत पोहोचले असतील तर त्या दिवशी व्यायाम करायचाच नाही. जेवणामुळे किंवा धास्तीमुळे चढलेली साखर आणि इन्सुलिन कमी पडल्यामुळे चढलेली साखर आकड्यात सारखीच दिसते. फरक कीटोनच सांगतात. डेग्लुडेक कमी करून शर्यतीला जाणाऱ्याने तर कीटोनच्या दोन पट्ट्या सोबत ठेवाव्यातच.

रात्रीची घसरण अपघाताने झालेली नाही. लांब धावल्यावर स्नायूंतला आणि यकृतातला साखरेचा साठा रिकामा होतो आणि शरीर तो पुढचे कित्येक तास, कधी चोवीस तासांपर्यंत, भरत राहते. त्या काळात नेहमीचे इन्सुलिनसुद्धा जास्त लागू पडते. त्यामुळे धावून आल्यावरच्या जेवणाचे इन्सुलिन कमी करावे लागते, झोपताना थोडे कर्बोदक घ्यावे लागते आणि सेन्सरची खालची सूचना त्या रात्रीपुरती वर आणून ठेवावी लागते. संध्याकाळी शर्यत साजरी करायला मंडळी बसतात, तेव्हा तुमच्या ग्लासात लिंबूपाणी असावे. मद्यामुळे यकृताची नवी साखर तयार करण्याची क्षमता मंदावते, आणि त्या रात्री यकृताकडे शिल्लकही काही नसते. याच कारणाने घरच्यांनी ग्लुकागॉनचे, म्हणजे यकृतातली साखर बाहेर काढणारे, इंजेक्शन जवळ जरूर ठेवावे, पण शर्यतीनंतर त्याचा परिणाम नेहमीपेक्षा कमी होऊ शकतो हेही त्यांना माहीत असावे.

तुमच्या लिहिण्यात मला सर्वांत काळजीचे वाटले ते ६१ नाही; त्यानंतरचे वीस किलोमीटर आहेत. एकदा साखर पडली की पुढच्या घसरणीची पूर्वसूचना, म्हणजे थरथर, घाम, धडधड, क्षीण होते, आणि धावणाऱ्याला घाम व धडधड तशीही असतेच. म्हणजे दुसरी घसरण न कळत येते. आणि साखर कमी असताना पहिल्यांदा जो बिघडतो तो विवेक. थांबायचे की नाही, हा निर्णय नेमक्या त्याच मेंदूवर सोपवणे मला वैद्यकीयदृष्ट्या चुकीचे वाटते. तो निर्णय डिसेंबरातच, पोट भरलेले असताना, कागदावर लिहून ठेवा, आणि त्या दिवशी तुमचे ऐकणार नाही अशा माणसाच्या हाती तो कागद द्या.


जमाखर्च

मधुमेहातले मला काही कळत नाही. एका लहान न्यासाचे हिशेब गेली बारा वर्षे पाहतो, त्यामुळे फक्त पैशाबद्दल लिहितो.

तुम्हाला त्रेसष्ट लोकांनी ४२ किलोमीटरसाठी पैसे दिलेले नाहीत. त्यांनी संस्थेला पैसे दिले आहेत. तुम्ही पहिल्या किलोमीटरला पाय मुरगाळून बसलात, तरी त्यातला एक रुपयाही परत जात नाही आणि एकाही मुलाची इन्सुलिनची कुपी कमी होत नाही. मुंबई मॅरेथॉनमधली देणगी युनायटेड वे मुंबईमार्फत नोंदणी झालेल्या संस्थांकडे जाते आणि तिचा तुमच्या वेळेशी काहीही संबंध नसतो. हे देणगीदारांनाही ठाऊक असते. ठाऊक नसते ते बहुधा धावणाऱ्याला.

तरीही मनाला रुखरुख असेल तर आत्ताच सर्वांना एक पत्र पाठवा. त्यात ‘माझी साखर अमुक झाली तर मी थांबेन’ असे स्वच्छ लिहा. कोणी पैसे परत मागितले तर मला कळवा, मी तेवढे देईन. बारा वर्षांत असा माणूस अजून भेटलेला नाही.

जाता जाता दोन व्यवहाराच्या गोष्टी. कोणाचेही पैसे स्वतःच्या यूपीआय खात्यावर घेऊन पुढे भरू नका, कारण मग पावती तुमच्या नावाने निघते. आणि देणगीवरची आयकरातली ८०जी ची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही, आणि त्यासाठी संस्थेकडून १०बीई हे प्रमाणपत्र लागते. मार्चमध्ये हे सगळे तुम्हालाच विचारतील, म्हणून आधी सांगितले.


सातवीतल्या मुलाची आई

पहाटगाडी ताई, तुम्ही ज्या मुलांसाठी धावणार आहात, त्यांच्यातल्याच एकाची मी आई. आमचे भागते, त्यामुळे संस्थेची मदत लागत नाही. पण रांग तीच आहे.

मला त्या पोस्टरबद्दल लिहायचे आहे. माझ्या मुलाला वर्गात ‘खूप चॉकलेट खाल्लीस का?’ असे अजून विचारतात. त्याच्या शरीराने स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्या, खाण्याचा त्यात काही दोष नाही, हे त्याला प्रत्येक जूनमध्ये नव्या बाईंना समजावून सांगावे लागते. अशा मुलाने ‘मधुमेहावर मात’ वाचले की तो मला विचारतो, ‘मग माझी मात कधी होणार?’ याचे उत्तर माझ्याजवळ नाही. इन्सुलिन १९२१ मध्ये टोरांटोत सापडले, म्हणून तो जिवंत आहे. पण ते रोज टोचावे लागते, आणि रोज टोचावे लागते त्याला मात म्हणत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी आम्ही पेडर रोडला संत्र्याच्या फोडी वाटायला उभे होतो. परतीचे धावपटू चढ चढत होते, बाजूने ढोल वाजत होता, सगळे ‘चलो चलो’ ओरडत होते. त्या गर्दीतून एक गृहस्थ बाजूला झाले, दुभाजकाला टेकून बसले, पिशवीतून ग्लुकोमीटर काढला, बोट शर्टाला पुसून टोचले आणि आकडा पाहून काहीतरी तोंडात टाकले. लोक त्यांना उठवायला धावले. त्यांनी हात वर करून सर्वांना थांबवले आणि घड्याळाकडे पाहत पंधरा मिनिटे तसेच बसून राहिले. माझ्या मुलाने फोडींचे ताट माझ्या हातात दिले आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसला. ते बोलले काय, मला माहीत नाही. दोघांनी एकमेकांचे सेन्सर दाखवले एवढे दिसले. ते शर्यत पूर्ण करू शकले की नाही, हेही आम्हाला कधी कळले नाही. पण शाळेच्या मैदानावर खेळ सोडून बाजूला बसायला त्यापूर्वी माझा मुलगा लाजत असे, त्यानंतर लाजत नाही.

तुम्ही धावा, अगदी जरूर धावा. ते पोस्टर मात्र बदलता आले तर पाहा.


पहाटगाडी

सर्वांचे मनापासून आभार. उत्तराला दोन आठवडे लागले, कारण मध्ये डॉक्टरांची भेट होती आणि एक मोठा सराव होता.

डॉक्टरांनी डेग्लुडेक आधीच्या बुधवारपासून कमी करायला सांगितले. किती, ते आम्ही दोन सराव पाहून ठरवले. काल पुन्हा अठ्ठावीस किलोमीटर धावले. सुरुवातीला साखर १९४ होती आणि हात पेनाकडे गेला होता, पण घेतले नाही. दर पंचवीस मिनिटांनी अर्धे जेल, म्हणजे तासाला साधारण तीस ग्रॅम, असे घेत राहिले. हळूहळू ते पन्नासपर्यंत न्यायचे आहे, पोटाने साथ दिली तर. सर्वांत खाली १०४ गेले. पेडर रोडवर वॉचमनला भेटले आणि साखरेचा एक किलोचा पुडा दिला. त्याला मी कोण ते आठवेना.

जमाखर्च काका, पत्र पाठवले. बासष्ट जणांची उत्तरे आली, सगळ्यांची ‘थांब म्हणजे थांब’ या अर्थाची. त्रेसष्टावे आमच्या साहेबांचे. त्यांनी उत्तर न देता आणखी पाच हजार भरले. लिफ्टशेजारचे पोस्टर काढले आहे. नव्यावर संस्थेचे नाव, मुलांना महिन्याला काय काय लागते ते, आणि कोपऱ्यात दंडावरच्या सेन्सरसह माझे छायाचित्र एवढेच आहे.

रात्रपाळी यांनी सांगितलेला कागदही लिहिला. साखर सत्तरखाली गेली तर बसून ग्लुकोज घ्यायचे आणि पंधरा मिनिटे उठायचे नाही. शंभरावर आल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचे नाही. दुसऱ्यांदा सत्तरखाली, किंवा एकदाही ५४ च्या खाली गेली, तर शर्यत तिथेच संपली. कागद भावाकडे आहे, माझ्या सेन्सरचे आकडे त्याच्या फोनवर दिसतात, आणि त्याचा फोन आला की वाद न घालता थांबायचे, असे त्याच्यासमोर सही करून दिले आहे. तो स्वतः माहीमला सायकल घेऊन उभा राहणार आहे.

आईने कागद दोनदा वाचला आणि त्यात एक कलम स्वतःच्या हाताने वाढवले. शर्यतीच्या रात्री ती माझ्या खोलीत झोपणार आणि दोन वाजता उठून माझे बोट टोचणार, जसे ती मी अकरा वर्षांची असताना रोज करत असे. सेन्सर आहे, गजर लावलेला आहे, भाऊही पाहतो आहे, हे सगळे तिला सांगून झाले. ग्लुकोमीटरच्या नव्या स्ट्रिपची डबी तिने काल आणूनही ठेवली.